खांबाले बांधेल बोट

मुंबईच्या समुद्रात बोटीत बसून रातचं जेवन, असं नातीच्या मोबाईलवर दिसलं अन् मले तवाच भूक लागली. नात पुष्पांजली म्हणे, "आजी, करू का बुक? पन आजोबाले घिऊन जा." तिथंच घोडं अडलं. आमच्या उंद्रीच्या नाल्यात गुडघाभर पानी आलं, तं बुढा घराभाईर निंघत नाही.

"अहो, भेता काऊन?" म्या म्हटलं. "समुद्राच्या मधात लोखंडी खांब गाडेल हाये. पयले खळ्यात खांबाले बांधून बैलं फिरवत नव्हते का तुमी? तशीच बोट दोराले बांधेल, गोल गोल फिरते. दोर असा जाड, का तो ओढाले बारा हत्ती लागले."

"हत्ती?"

"मंग! दोन तं दमून पान्यातच बसले. त्याईचं आता बेट झालं."

बुढ्यानं चष्मा लावला, पुष्पांजलीच्या हातचा फोन घेतला अन् बोटवाल्याईच्या हापिसात सोताच लावला. "बाई, तुमच्या बोटीचा दोर मजबूत हाये ना?"

"दोर? आजोबा, बोट मोकळीच फिरते समुद्रात," तिकडून पोरगी बोलली. फोन स्पीकरवर होता. म्या पदर तोंडात कोंबला. गेलं माहं जेवन!

बुढ्यानं चष्म्यावरून माह्याकडे पाह्यलं. मंग फोनमंधी म्हणे, "बरं, मंग दोन तिकिटं दे. माहं जाऊन-येऊन, अन् बुढीचं निस्तं जाचं."