आजीचं इंग्रजी

माझी बायको मालन गेल्याचं मला तिच्या इंग्रजीच्या क्लासमधून फोनवर कळलं. विशेषणं म्हणता म्हणता ती बाकावरच कोसळली होती.

साठी उलटल्यावर हे खूळ तिनं मेलबर्नच्या नातीसाठी घेतलं होतं. आमच्या चिरंजीवांनी पोरीला मराठीचा एक शब्द शिकवला नाही, म्हणून आजीनं भाजी निवडताना तुलना घोकायची. "वांगं इज बिगर दॅन लिंबू. आमचे हे आर स्लोअर दॅन कुकर." मी हसलो की म्हणायची, "तुम्ही गप्प बसा. ईराला कळतं माझं."

चिरंजीव दिवसांना एकटेच आले. तेराव्याची जेवणं उरकल्यावर मला म्हणाले, "बाबा, आता तुम्ही लावा तो क्लास. ईराशी बोलायला बरं पडेल."

"आजी गेली हे सांगितलंस तिला?"

"लहान आहे हो. आजी झोपलीय म्हणतो आम्ही. तुम्हीच सांगा ना सावकाश, थोडं इंग्रजी आलं की."

म्हणजे बायको मेल्याचं मी आधी इंग्रजीतून पाठ करायचं, मग नातीला सांगायचं.

"एवढ्या वर्षांत तुला पोरीला 'आजी' म्हणायला शिकवता आलं नाही," मी म्हणालो. "मोठा साहेब झालास."

चिरंजीव बॅग भरायला उठले.

ते जाऊन महिना झाला. ईरा अजून फोनवर आजीला बोलावते. तिला अजून कुणीच सांगितलेलं नाही.