टॅमसिनची सुगी

शरदसंपाताच्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, सफरचंदांच्या बागेत, विक्कन या निसर्गपूजक पंथाच्या मंडळाचे नऊ जण वर्तुळात बसले. यंदा आपल्या पदरात काय पडलं, ते एकेकानं सांगायचं होतं. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आईची उस्तवार करणाऱ्या टॅमसिनकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. आपला नंबर येऊच नये, असं तिला वाटत होतं. मंडळातला पेरन आपल्या भोपळ्यांचं पुराण लावून बसला आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंधारलं होतं आणि अंगावर तिघांचे झगे होते. “उठवायचं नाही का?” ती ओशाळली. “पेरनचे भोपळे आत्ताच संपले,” म्हातारी पुजारीण वेना म्हणाली. “शेजारीण थांबतेय आईजवळ.” वर्तुळ मोडायची घंटा अजून वाजली नव्हती, वेनानं तिचा लोलक गारठलेल्या मुठीत धरून ठेवला होता. “आता तू सांग, पोरी. काय मिळालं?” टॅमसिननं डोळे चोळले. “झोप,” ती म्हणाली. “दोन तास, सलग.”