लपणाकडे गेलेली दोघं

या, जरा जवळ सरका. थंडीचे दिवस आहेत. अंगाला अंग लागलं की ऊब येते आणि गोष्टही नीट ऐकू येते. एका मोजणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो.

"किल्ली," बाबा म्हणाले. गळ्यात कॅमेरा, अंगात तपकिरी कोट, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

त्यांचा मुलगा दाराला लागून असलेल्या खिडकीपाशी खुर्चीत बसून होता. टाच मुरगळली होती, पाय स्टुलावर. कारखान्याच्या फाटकावर तो माणसं मोजायचा. सकाळी आत किती, संध्याकाळी बाहेर किती. आकडा जुळला की फाटक बंद. पंधरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. सगळे त्याला मोजणीदारच म्हणत.

"आज नका जाऊ, बाबा."

"तलवार बदकं उतरलीत तळ्यावर. तुझ्या टाचेसाठी थांबणार आहेत का ती?"

"मग एकटे जा."

"एकट्यानं भागत नाही रे. किती वर्षं सांगतोय!"

ते खरंच होतं. तळ्याच्या काठी लव्हाळ्यात बाबांनी काटक्यांची एक खोपटी उभारली होती. तिला ते लपण म्हणत. एकटा माणूस आत शिरला की बदकं तासन्‌तास जवळ फिरकत नाहीत. पण दोघं आत गेली आणि एक बाहेर पडलं, की त्यांना वाटतं, आता आत कुणी नाही. "देवानं पाखराला पंख दिले, डोळे दिले," बाबा म्हणायचे, "मोजणी तेवढी द्यायची विसरला." म्हणून रोज सकाळी सून त्यांना सोडून यायची आणि दुपारी आणायला जायची.

ती दाराशी उभी होती. हिरवा कोट, डोक्यावर टोपडं. तीन दिवस तिच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता.

तीन दिवसांपूर्वी पत्र आलं होतं. दूरच्या शहरातल्या इस्पितळात परिचारिकेची जागा. आज संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिथं जायला तळ्याच्या बांधावरून जाणारी एकच बस, सकाळी नऊची. "बायको तिकडं आणि मी इथं भांडी घासू?" असं म्हणून मोजणीदारानं पत्र फाडलं होतं. तेव्हापासून दाराला कुलूप आणि किल्ली त्याच्या कमरेला.

"दहा मिनिटांत परत," त्यानं तिला बजावलं. "पाऊलवाट इथून सगळी दिसते. लपणाच्या मागं बांधापर्यंत कमरेइतका चिखल आहे, तिकडून जायचं मनातही आणू नकोस."

"अरे, ती काय पाखरू आहे?" बाबा हसले. "चल पोरी, धर माझा हात. माझी उंची उतरत उतरत तुझ्याएवढी झाली बघ. आणखी दोन वर्षांनी मला कडेवर घे."

मोजणीदारानं कुलूप काढलं, दोघं निघाली. त्यानं खिडकी सोडली नाही. तपकिरी कोट पुढं, हिरवा मागं. दोन्ही लपणात शिरले. धुकं पाण्यावर लोळत होतं. तो मोजत राहिला. एक... दोन... सात मिनिटं.

मग हिरवा कोट बाहेर पडला आणि पाय ओढत घराकडे निघाला.

"रुसलीय," मोजणीदार पुटपुटला. छातीवरचा दगड मात्र उतरला.

हिरवा कोट आत आला, त्याच्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेला. त्यानं बसल्या जागेवरून हात लांबवून दाराला कुलूप लावलं. आतून नळाचा आवाज आला, मग शेंगा सोलल्याचा. एक लपणात, एक घरात. आकडा जुळला.

तरी तो हलला नाही. नऊ वाजेपर्यंत हलायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं. चहाची तल्लफ आली, पाय बधिर झाला, खिडकी सुटेना. तिच्यावर पहारा ठेवता ठेवता आपणही याच खुर्चीला बांधलो गेलो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

साडेआठला तळ्यावरची सगळी बदकं एकदम फडफडून उठली.

"शिंकले बाबा!" तो मोठ्यानं हसला. "ऐकलंस का गं? सगळी उडवली! आता दुपारपर्यंत बसा मोकळं तळं बघत!"

आतून एक भांडं आपटलं.

"आपट, आपट. घर तुझंच आहे."

नऊ वाजता बांधावर बस थांबली. कुणीतरी चढलं. धुक्यात माणूस की बाई ते कळलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही नव्हती. बस भोंगा वाजवून गेली. मोजणीदारानं डोळे मिटले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून मांडीवर आलं होतं. राग निवला होता. जरा लाजही वाटत होती. काठी टेकत, लंगडत तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. हिरवा कोट चुलीकडे तोंड करून पाटावर बसला होता. टोपडं अजून डोक्यावर, शेजारी सोललेल्या शेंगांचा ढीग.

"झालं गेलं विसर," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू तुझ्या नोकरीचं. हे बघ, किल्ली घे. बाबांना घेऊन ये, गारठले असतील बिचारे."

किल्लीसाठी हात पुढं आला. हात सुरकुतलेला होता.

गोष्ट इथंच थांबवतो. आज निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा एकाची आठवण ठेवा: बदकांचा फोटो न काढता, सुनेच्या कोटात, सबंध सकाळ शेंगा सोलत बसलेल्या त्या म्हाताऱ्या सासऱ्याची.