चौकटीबाहेरचं

नाकानोतल्या माझ्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात कुरोसुसान सलग तिसऱ्या शनिवारी आले. गळ्यातला स्वतःचा कॅमेरा त्यांनी काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडचा एकेक कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्या विजेच्या खांबावर धरू लागले. मधल्या पिवळसर ठिपक्यात एकाच खांबाचे दोन दिसतात. लेन्स फिरवून ते एक झाले की फोकस जुळला.

"तीन आठवडे बघताय. एवढ्यात लग्न जमतं लोकांचं," मी म्हटलं. "हा घ्या. ठिपका बघा कसा लख्ख आहे. आणि फोटोच्या चौकटीबाहेरचंही दिसतं. कोण आत येतंय ते आधीच कळतं."

"माझ्यातही दिसतं."

"मग बदलता कशाला? आणि तो खालच्या फळीवरचा, आत आरसा असलेला घ्याल, तर पस्तावाल. चौकटीबाहेरचं काही दिसत नाही, आणि बटण दाबलं की ऐन क्षणी डोळ्यापुढे अंधार."

"तोच द्या."

मी हसले. ते हसले नाहीत. पैसे काढताना त्यांच्या पाकिटातून एक फोटो बाहेर आला. रस्ता ओलांडता ओलांडता मागे वळून हसणारी सात-आठ वर्षांची मुलगी. पापणीन् पापणी मोजून घ्यावी.

"लेक ना? काय सुरेख आलीय!"

"हो. ट्रक अजून चौकटीबाहेर होता," ते म्हणाले. "मला दिसला होता. पण ठिपक्यातल्या दोघी नुकत्याच एक होत आल्या होत्या, म्हणून आधी बटण दाबलं."