तिसरा हिस्सा

"ही शोभेची स्ट्रॉबेरी आहे, हाश्केबाई," पेट्सोल्ड म्हणाला. "फुलं बघा, गुलाबी. खायच्या स्ट्रॉबेरीला पांढरी येतात."

"मग गुलाबी फुलाला फळ धरत नाही की काय?"

लाइपझिगच्या आमच्या बागवसाहतीत जून लागला की समिती टेप घेऊन बागोबाग फिरते. नियम साधा आहे. भाड्याने मिळालेल्या तुकड्याचा तिसरा हिस्सा पोटात जाणाऱ्या गोष्टींचा, बाकीच्यात करा तुमची हौस. पेट्सोल्ड अध्यक्ष झाल्यापासून त्याच्यापुढे कुणाची डाळ शिजत नव्हती. सख्ख्या मेव्हण्याची शोभेची झुडपं त्याने मुळासकट उपटायला लावली होती. पाठीमागे आम्ही त्याला टेपमास्तर म्हणायचो.

हाश्केबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवरा होता तोवर या तिसऱ्या हिस्स्यात बटाटे, कांदे, वाटाणा असायचा. तो गेला आणि बाईंनी तिथे ही रोपं लावली. दोन वर्षांत रोपांनी असे हातपाय पसरले की माती दिसेना. तण नाही, खणणं नाही, बाई खुश. पण गेल्या वर्षी लेखी ताकीद आली. यंदाही तिसरा हिस्सा भरला नाही तर बाग काढून घेणार होते. एकेचाळीस वर्षांची बाग.

"दोन वाफे बटाटे लावायला तुमचं जातं काय?" पेट्सोल्डने विचारलं.

"गुडघे जातात."

चिटणीस राउख वही उघडून उभा होता. "असं चाललं तर उद्या लोक गवताला कोशिंबीर म्हणतील," तो म्हणाला. "बागेसाठी साठ माणसं नंबर लावून बसलीत, अध्यक्ष."

बाईंचा चेहरा उतरला. त्या घाबरल्या होत्या आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटली नाही.

"ही बाग गेली तर मी चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून राहीन," त्या म्हणाल्या. "कधी एकदा मरते याची वाट बघत. आणखी काय करणार?"

पेट्सोल्ड वाकला आणि पानं बाजूला करत राहिला. बराच वेळ शोधल्यावर तीन फळं सापडली, वाटाण्याहून जराशी मोठी.

"तुम्ही खाता ही?"

आता हो म्हणायला काय हरकत होती? पण बाईंचा स्वभावच तसला.

"खोटं कशाला बोलू? पहिल्या वर्षी खाऊन बघितली. ना चव ना ढव. पक्षीसुद्धा सोडून जातात."

राउखने पेन वहीला टेकवलं.

पेट्सोल्डने तिन्ही फळं तोंडात टाकली. सावकाश चावली. नाक जरासं आकसलं, पण त्याने ती गिळली.

"लिहा," तो राउखला म्हणाला. "स्ट्रॉबेरी. खायची. तिसरा हिस्सा पूर्ण."

"अहो, पण बाई स्वतःच म्हणतायत की—"

"बाईंचं सोडा. आता कोणी खाल्ली? मी ना? मग लिहा."

राउखने लिहिलं. हाश्केबाई फाटकाला धरून उभ्या होत्या.

पेट्सोल्डने टेप गुंडाळून खिशात टाकला आणि त्यांच्याकडे वळला.

"यांचा मुरांबा घाला. एक बरणी वसाहतीच्या उन्हाळी जत्रेला आणा."

"असला मुरांबा कोण खाणार हो?"

"मी," पेट्सोल्ड म्हणाला. "सगळ्यांदेखत."