मेलेल्या माणसाची टीम

दुसरा ठोसा बसला तेव्हा वेसच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज रॉइसला स्पष्ट ऐकू आला. त्याला बरं वाटलं. धाकटा भाऊ गॅरेजमधल्या फ्रीझरवर आदळला आणि घसरत खाली बसला. हनुवटीवरून रक्त शर्टावर उतरलं.

"बापाच्या टीमला हात लावलास," रॉइस म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या! पासवर्ड फक्त तुलाच माहीत होता."

"नाही लावला, गाढवा. मला वाटलं, तूच करतोयस."

रॉइसने त्याच्या बरगडीत लाथ घातली.

बाप, हार्लन हॅचर, जूनमध्ये गेला. टोलेडोतल्या काच कारखान्यातल्या दहा जणांची फँटसी लीग त्यानेच उभी केली होती. मार्चमध्ये खरे बेसबॉल खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे. मग सहा महिने रोज वेबसाइटवर ठरवायचं, आज आपल्यातला कोण खेळणार आणि कोण बाकावर. ते त्या दिवशी मैदानात जसे खेळतील तसे आपले गुण. दर आठवड्याला एकाशी झुंज. अठरा वर्षांत हार्लनने सात वेळा करंडक नेला. चेंडू टाकणारा कोणता पिचर उद्या मार खाणार हे त्याला आजच दिसतं, असं लोक म्हणत. त्याला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच खाता खाता सगळ्यांनी ठरवलं, की या मोसमात हार्लनची टीम आहे तशीच राहील. कुणी हात लावायचा नाही. तळाला गेली तरी चालेल.

जुलैच्या मध्यावरची बेसबॉलची चार दिवसांची सुट्टी संपली आणि टीम हलू लागली. खांदा दुखावलेला पिचर बाकावर गेला. शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा, कुणी नाव न ऐकलेला एक पोरगा आत आला आणि अकरा दिवसांत मैदानाबाहेर जाणारे पाच होमरन मारून बसला. नववा क्रमांक, मग सहावा, मग तिसरा. काल, रविवारी, तिने रॉइसच्याच टीमला लोळवलं. आज कारखान्यात भट्टीपाशी सगळे खिदळत होते. "भूत झालाय, तरी पोरापेक्षा हुशार आहे म्हातारा!"

रॉइसला दुसरं काहीही चाललं असतं. 'हा हार्लनचाच मुलगा' हे वाक्य तो वीस वर्षं छातीवर लावून फिरत होता. आता कुणीतरी बापाचं नाव वापरून त्यालाच हरवत होतं. काल हार पक्की झाली तेव्हा त्याची बायको जॅनेल ताट तसंच टाकून वर निघून गेली होती. खेळातलं तिला काय कळतंय, असं त्याला वाटलं होतं.

त्याने वेसची कॉलर धरून डोकं फ्रीझरवर आपटलं. "खरं बोल!"

"मारून झालं असेल तर बाजूला हो."

दारात आई उभी होती. एका हातात गोठलेल्या मटारची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. लोर्ना हॅचर खाली बसली, पिशवी वेसच्या नाकावर ठेवली आणि त्याचा हात तिच्यावर दाबला.

"ती टीम मी चालवतेय," ती म्हणाली.

"तू?" रॉइस हसला. "आयुष्यात एक सामना बघितला नाहीस तू."

"सामना तुझा बाप बघायचा. मी निकाल बघायचे." तिने फोनवर वेळ पाहिली. "तो सकाळी टीम लावून कामावर जायचा. सुटला की थेट बारमध्ये. त्या दोन तासांत मी ती बदलायचे. घरी येईपर्यंत सकाळचं त्याला काही आठवत नसे. जिंकला की म्हणायचा, बघ, याला म्हणतात नजर."

"आणि करंडक?"

"सातही माझेच."

"खोटं. कशाला करशील तू असलं?"

आईने डावा हात पुढे केला. करंगळी दुसऱ्याच दिशेला वळलेली होती. "हे नवव्या डावातल्या एका होमरनचं. मनगट पहिल्या वर्षीचं, तो लागोपाठ पाच आठवडे हरला तेव्हाचं. मी नवीन होते, चुकायचे."

"मनगट जिन्यावरून पडून मोडलं होतं."

"जिना बिचारा," आई म्हणाली.

रॉइसने वेसकडे पाहिलं. वेसने पिशवीआड मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं.

"तो गेला की आता," रॉइसचा आवाज चिरकला. "आता कशाला?"

"या वर्षी पहिल्यांदाच हरले तरी चालतं. मजा येते रे."

रॉइसने लोखंडी कपाटावर मूठ हाणली. पत्रा आत गेला, वरचे डबे गडगडत खाली आले. आई एक पाऊल मागे सरली, कोपर वर, चेहऱ्यासमोर. हे तिने इतक्या सवयीने केलं, की तो तिथेच थांबला. बोटांच्या सांध्यांवर वेसचं रक्त होतं. त्याने ते पँटला पुसलं.

"मी त्याच्यासारखा नाही," तो म्हणाला. "आई, ऐकतेस ना? जॅनेलला मी आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही."

आईने कोपर सावकाश खाली घेतलं.

"आज सकाळी आली होती ती," ती म्हणाली. "तुझा पासवर्ड आहे तिच्याकडे. कुणाला कधी बाकावर बसवायचं, तेवढं शिकवा म्हणत होती."