नारिंगी भुकटी

सेंट पॅट्रिक या आमच्या आयरिश सणाच्या मिरवणुकीआधी शिकागोत नदी हिरवी रंगवतात, ते बघायला पुलावर झुंबड उडालेली. आजोबांना मी रेटत कठड्यापाशी नेलं. "तो बघा होडीत, तुमचा होणारा नातजावई." ट्रेव्हर बेलफास्टचा प्रॉटेस्टंट, त्यांचा रंग नारिंगी, आम्ही कॅथलिक, आमचा हिरवा. आयर्लंडहून आल्यापासून आजोबांनी त्याच्याशी हातसुद्धा मिळवला नव्हता. तेवढ्यात ट्रेव्हरनं नदीत भुकटी ओतली, भडक नारिंगी. "आपल्या सणाला?" आजोबा कडाडले. "कार्ट्यानं डाव साधला." "आजोबा, थांबा की." होडीमागचं पाणी घुसळलं, नारिंगीचं झगझगीत हिरवं झालं. अख्खा पूल गरजला. आजोबांनी जागच्या जागी उडीच मारली, ग्लासातली बिअर हातावर सांडली. ट्रेव्हर धावत वर आला. आजोबांनी ओलाच हात पुढे केला. तो बिचकला, त्याचा पंजा भुकटीनं माखलेला. "आण इकडे," म्हणत आजोबांनी घट्ट धरला. सोडला तेव्हा दोघांचे हात हिरवे होते.